उपस की रं!

ज्यांच्या घरी कधी जुनी नाव नव्हती, त्यांची अशी समजूत असते की नावेत माणूस ऐसपैस बसतो, एक हात पाण्यात सोडतो आणि काहीतरी गुणगुणतो. आमच्या घरी एकापाठोपाठ एक जुन्या नावा होऊन गेल्या, पण त्यांतल्या एकीतही मी ऐसपैस बसलो असेन असं मला आठवत नाही. मी वाकलेला असायचो. हातात गोडेतेलाचा तिरका कापलेला ५ लिटरचा कॅन, चड्डी ओली, आणि मागून तात्यांची हाक, ‘‘उपस की रं! हाताला काय मेंदी लावलीया?’’

घरात नावेचे हुद्दे ठरलेले होते. आबा मालक. ते नावेत क्वचितच बसत. काठावर धोतराचा सोगा धरून उभे राहत आणि सूचना करत. तात्या, म्हणजे माझे चुलते, वल्हं मारत आणि नावेच्या तब्येतीबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा असे. अण्णा, म्हणजे माझे वडील, नावेवर झालेला खर्च वहीत लिहीत. ती वही देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात पोथीशेजारी असायची, आणि पोथीपेक्षा तिचंच वाचन जास्त व्हायचं, कारण घरातलं कुठलंही भांडण शेवटी तिच्यावरच येऊन थांबे. ताईला पहिल्यांदा उपसायला बसवलं तेव्हाच तिनं ‘मला पाणी बघून गरगरतंय’ असं सांगून सुटका करून घेतली. हीच ताई यडूरच्या जत्रेत पाळण्यातून खाली उतरायला तयार नसायची, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. उरलो मी.

आमचं गाव चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्या अगदी काठावर. समोरचा काठ शिरोळ तालुका. पूर्वी दोन्ही काठ मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि रेघ नेमकी आमचं घर आणि आमची वांगी यांच्या मधून गेली. घर राहिलं म्हैसूर राज्यात, आणि आबांच्या वडिलांनी कुठल्याशा व्यवहारात घेतलेली मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाची, जमीन पलीकडं. कृष्णाकाठच्या मळीतलं वांगं ज्यानं खाल्लंय त्याला ही जमीन सोडणं का शक्य नव्हतं ते सांगायला नको. रस्त्यानं जायचं तर पुलाचा लांब वळसा आणि दोन राज्यांच्या दोन एसट्या. सरळ जायचं तर नाव. सीमेचा दावा महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात लावला. मळी विकायची का नाव दुरुस्त करायची, हा आमच्या सोप्यातला दावा त्याच्या कितीतरी आधीचा. निकाल दोन्हींचा लागलेला नाही.

पहिली नाव लाकडी. एका म्हाताऱ्या नावाड्याची उतार (माणसं पलीकडं सोडायचं काम) बंद पडली तेव्हा त्याच्याकडून घेतलेली, आणि तीही निम्म्या वाट्यानं. उरलेला निम्मा वाटा पलीकडच्या काठावरच्या एका पाव्हण्यांचा. हा व्यवहार ज्यानं कुणी जुळवला त्याला दंडवत. नाव एक, मालक दोन, काठ दोन. सकाळी वैरणीला जायला आम्ही काठावर उतरावं तर नाव पलीकडं. मग तात्या दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत, ‘‘ओ पाव्हणंऽऽ! नाव आणा की!’’ थोड्या वेळानं धुक्यातून उत्तर येई, ‘‘बंदे, बंदे!’’ पाव्हण्यांच्या घरात कन्नड बोलत. म्हणजे कर्नाटकातून मराठीत हाक जायची आणि महाराष्ट्रातून कन्नडमध्ये उत्तर यायचं. सीमाप्रश्नावर एवढी भाषणं ऐकली, पण हे कुणाच्या भाषणात आलं नाही. ‘बंदे’ म्हणूनही पाव्हणे येत नसत ते वेगळं. त्यांचा चहा व्हायचा असायचा.

लाकडी नावेचा न्याय उलटा असतो. ती पाण्यात राहिली तर गळत नाही, कोरडी राहिली तर गळते. लाकूड भिजलं की आडवं फुगतं, फळ्या एकमेकींना भिडतात, सांधे मिटतात. उन्हानं वाळलं की तेच लाकूड आकसतं आणि फटीतून पलीकडचा तालुका दिसायला लागतो. म्हणून जाणते नावाडी नाव वापरात नसली की तिच्यात दगड भरून काठालगत मुद्दाम बुडवून ठेवतात. तात्या याच मताचे. बेळगावचे मामा एकदा सुट्टीत आले आणि हौसेनं विचारते झाले, ‘‘दाजी, नाव कुठाय तुमची?’’ तात्यांनी बसल्या जागी सांगितलं, ‘‘बुडवलीया.’’ मामा हळहळले. जेवताना आईला बाजूला घेऊन त्यांनी पैशाची काही अडचण आहे का तेही विचारलं.

आबांना हे बुडवणं पसंत नव्हतं. स्वतःच्या हातानं आपली नाव बुडवायची, तीही ऐन चैत्रात, हे त्यांना अशुभ वाटे. त्यामुळं एका वर्षी नाव बुडवली जाई आणि पुढच्या वर्षी बाभळीखाली पालथी घालून वर उसाचं वाडं पसरलं जाई. दोन्हींचा त्रास मलाच. बुडवलेली नाव वर काढायची म्हणजे गाळात पाय रोवून एकेक दगड बाहेर, मग नाव डोलवून डोलवून निम्मं पाणी सांडायचं, मग उपसा. तळाशी एखादा खेकडा वर्षभराचं भाडं दिल्याच्या थाटात बसलेला असे. पालथी ठेवलेली नाव काढायची म्हणजे डांबर.

डांबराबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण माझं निम्मं बालपण त्याच्या वासाचं आहे. रस्त्याच्या कामावरून गोडीगुलाबीनं मागून आणलेला डांबराचा गोळा फुटक्या घमेल्यात टाकायचा, तीन दगडांच्या चुलीवर वितळवायचा. तोवर तात्या बोथट छिन्नी आणि हातोडी घेऊन फटींत चिंध्या ठोकत बसत. चिंध्या आज्जीच्या जुन्या इरकली लुगड्यांच्या. आज्जी शेजारी बसून एकेक चिंधी बोटांत धरून ओळखायची. ‘‘ही तुझ्या आत्तीच्या बारशातली. ही पंढरपूरची. आरं, ही तर चांगली हाय की, ही कुणी फाडली?’’ हिरव्या अंगाची, लाल काठाची ती पट्टी छिन्नीच्या एकेका ठोक्यासरशी फटीत आत आत जायची, वरून काळं डांबर पडायचं, फसफस आवाज यायचा आणि आज्जी ‘गेलं बाई’ म्हणून पुढची चिंधी उचलायची. नावेत बसलं की तिला कोण कुठं आहे ते ठाऊक असायचं. ‘तिथं पाय ठेवू नको, तिथं माझं डोहाळजेवण हाय,’ असं तिनं एकदा पाव्हण्यांना खडसावलेलं आहे.

हे डांबर फटीत जेवढं बसे त्यापेक्षा जास्त माझ्या खाकी चड्डीला बसे. ते आधी खोबरेल तेलानं, मग रॉकेलनं काढायचं. चड्डीचं निघे, मांडीचं राही. शाळेत पीटीच्या तासाला ओळीत उभं राहिलं की मागच्या पोरांना माझ्या पोटरीवरून नावेची दुरुस्ती कितपत आली आहे ते समजत असे.

एवढं होऊनही नाव पाण्यात सोडली की पहिला आठवडाभर ती गळायचीच, लाकूड फुगेपर्यंत. तात्यांच्या भाषेत तिला ‘पाणी प्यायचं असायचं’. आणि नेमका हाच आठवडा आमच्या आत्याच्या मुलाच्या लग्नाला सापडला.

आत्याचं सासर पलीकडं. नवरी आमच्या गावची. वैशाख महिना, मुहूर्त बाराच्या आतला. वऱ्हाडाचे ट्रक रस्त्यानं पुढं गेले होते, नवरदेवाची जीप मात्र आयत्या वेळी सुरूच होईना. तेव्हा कुणीतरी म्हणालं, नाव आहे की. तात्यांनी नावेकडं बघितलं, नावेनं तात्यांकडं बघितलं. ‘‘कालच पाण्यात सोडलीया,’’ एवढंच ते बोलले, पण लग्नघरात असलं ऐकायला कुणाला वेळ असतो! नवरदेवाला बसायला लोखंडी घडीची खुर्ची मध्यभागी मांडली. शेजारी करवली, भोवती आत्या, तिच्या दोन जावा, आहेराच्या भांड्यांची गाठोडी, पाव्हणे (निम्म्या वाट्याचा हक्क म्हणून), आणि ट्रकात जागा न मिळालेला बँडवाल्यांचा ढोलवाला, ढोलासकट. मी सगळ्यांच्या पायांत.

बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी, त्यामुळं उन्हाळ्यातही पात्र भरलेलं आणि शांत. चौथा हिस्सा नदी ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग खुर्चीचे पाय ओले दिसायला लागले. करवलीनं शालू उचलला. आत्यानं पाय उचलले. जावांनी एकमेकींकडं बघून पाय उचलले. मी कॅन चालवत होतो, पण भरलेल्या नावेत उपसणाऱ्याला कोपर हलवायला जागा लागते हे कुणाच्या ध्यानात येत नाही. माझा प्रत्येक तिसरा कॅन कुणाच्या ना कुणाच्या पदरात रिकामा होत होता. ‘‘उपस की रं!’’ तात्या. ‘‘अंगावर उडवू नको रं!’’ आत्या. पाणी खुर्चीच्या आडव्या दांडीला लागलं तेव्हा पाव्हण्यांनी आहेराचं गाठोडं सोडलं.

त्यानंतरचं दृश्य मी कितीही सांगितलं तरी ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. करवलीच्या हातात तांब्या, थोरल्या जाऊबाईंकडं कुकर, धाकटीकडं पुरणयंत्राचा वरचा भाग (ज्याला तळाला भोकंच असतात, हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं), आत्याकडं बिंदी बिंदीनं ‘शुभविवाहप्रीत्यर्थ’ कोरलेला स्टीलचा डबा. नवरदेवही उठायला लागला, तर सगळ्याच बायका ओरडल्या, ‘‘तू हात लावायचा न्हाई, हळद लागलीया!’’ मग तो फेटा सांभाळत, मांड्या छातीशी धरून, खुर्चीवर उकिडवा बसून राहिला आणि त्याच्या भोवती आठ हात त्याचाच आहेर नदीत बुचकळत होते. ढोलवाल्याला करण्यासारखं काही नव्हतं. तो म्हणाला, ‘‘वाजवू का?’’ तात्या म्हणाले, ‘‘वाजीव.’’ ठेक्यावर उपसा बरा होतो, हे मला त्या दिवशी कळलं. काठावर उभ्या असलेल्या नवरीकडच्यांना वाटलं, वरपक्ष वाजतगाजत आणि पाणी उधळत येतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुहूर्त गाठला.

त्या लग्नानंतर पाव्हण्यांनी आपला वाटा सोडला. आमच्याकडं पूर्ण मालकी आली आणि पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत फळ्या कुजल्या. सुतारानं त्यांतल्या बऱ्या फळ्या जोडून गोठ्यात गव्हाण करून दिली. गव्हाणीत पेंड भिजवून ठेवतात. एक थेंब गळत नाही.

तरी श्रावण-भाद्रपदातली ती नाव आठवली की मी तिला बोल लावत नाही. पुराचा जोर ओसरलेला असायचा, लाकूड पोटभर प्यालेलं, सांधे बंद. वरच्या अंगाला वाडी, म्हणजे नरसोबाची वाडी. तिथं देवाला सोडलेले नारळ पाण्याबरोबर राजापूरच्या बंधाऱ्यावरून उतरून आमच्या वळणाला लागायचे. ते गाठायला आम्ही पोरं नाव सोडायचो. शेंडीचा काळा ठिपका लांबून दिसायचा, वर-खाली होणारा. एकजण नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, पालथा पडून हात लांब करायचा, बाकीचे त्याचे पाय धरायचे. महाराष्ट्रात देवाला अर्पण केलेला नारळ आम्ही कर्नाटकात दगडावर फोडून खायचो आणि कुठल्याच सरकारनं हरकत घेतली नाही. वर्गात त्या दोन महिन्यांत माझ्याशी कुणी भांडत नसे. ज्याच्या घरी नाव, त्याच्या डब्यातली भाजी न आवडली तरी पोरं खातात.

दुसरी नाव लोखंडी पत्र्याची. वाळूच्या ठेक्यावर राबून राबून निकामी झालेली, म्हणून स्वस्तात मिळाली. ‘‘लोखंड फुगत न्हाई आणि आकसत न्हाई,’’ तात्यांनी जाहीर केलं. गंजतं, हे त्यांनी सांगितलं नाही. शिवाय उन्हाळ्यात दुपारी त्या पत्र्यावर बसायला जी तयारी लागते ती वेगळीच. आम्ही बुडाखाली ओलं पोतं घेऊनच घरातून निघायचो. वरून तिलाही डांबराचे हात द्यायचे, दरवर्षी. डांबराखाली पत्रा किती उरला आहे हे हळूहळू कुणालाच सांगता येईना.

तिला पहिलं भोक पडलं तेव्हा तात्यांना ट्रॅक्टरची आठवण झाली. डिझेलच्या टाकीला बारीक गळती लागली की अंगाचा साबण चोळून भोक बुजवतात, दिवसेंदिवस टिकतं. तात्यांनी लाल साबणाची अख्खी वडी मळून भोकात गच्च भरली, वरून अंगठा फिरवला आणि वैरण आणायला निघाले. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. नदीत विरघळतो. हा फरक नदीच्या मध्यावर ध्यानात आला. नावेत घोटाभर फेस, त्यात मी, आणि काठावरच्या धुणं धुणाऱ्या बायका धोपाटणी थांबवून बघत असलेल्या. त्या दिवशी मी जे उपसलं ते पाणी म्हणायचं का, हा प्रश्नच होता.

मग वेल्डिंग. नाव ट्रॉलीत घालून चिकोडी रस्त्यावरच्या वेल्डरकडं न्यायची, लाइट येण्याची वाट बघत तिथं बसायचं. लाइट आली की वेल्डर कांडी टेकवायचा आणि गंजलेल्या पातळ पत्र्यात रुपयाएवढ्या भोकाचं वाटीएवढं भोक व्हायचं. ‘‘मूळ पत्र्यातच दम न्हाई,’’ तो म्हणायचा. मग आजूबाजूचा पत्रा कापून त्यावर ठिगळ. ठिगळ जाड आणि नाव पातळ, त्यामुळं ठिगळाच्या कडेनं नवी फट. ही नाव कृष्णेपेक्षा त्या वेल्डरच्या अंगणात जास्त दिवस राहिली.

२००५ च्या महापुरातही ती तिथंच होती. जुलै सरता सरता पाणी चढायला लागलं. गावात तेव्हा प्रत्येकजण पाटबंधारे खात्याचा इंजिनियर असतो : कोयनेतून किती सोडलं, राजापूरवरून किती येतंय, दूधगंगेचं किती, अलमट्टीतून पुढं किती जातंय. मारुतीच्या पारावर क्युसेकशिवाय बोलणं नाही. आम्ही नदीवरची मोटार काढली, फुटबॉल (म्हणजे पाइपच्या तोंडाचा फूट-व्हॉल्व्ह) काढला, जनावरं माळावर नेली, धान्य माळ्यावर चढवलं. आणि सबंध गावाला नाव पाहिजे होती तेव्हा आमची नाव उंचावर, वेल्डरच्या छपराखाली, ठणठणीत कोरडी. घरातलं पुरापासून पूर्ण सुरक्षित राहिलेलं असं ते एकटंच.

तेव्हा कामाला आली ती गुऱ्हाळाची काहील. उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई पुराच्या दिवसांत आमच्या भागात सर्रास पाण्यात उतरते. तिला नाळ नाही, मागची बाजू नाही. वल्हं एका अंगाला मारलं की ती जात्यासारखी जागच्या जागी फिरते. पुढं वाकून पाणी आपल्याकडं ओढत राहिलं तरच सरकते. आत बसलेल्या माणसाला दर फेऱ्याला गाव, माळ, शाळेचं छप्पर, तात्या, पुन्हा गाव असं सगळं दिसत राहतं. पण गळत नाही! गळली तर गुऱ्हाळवाल्याचा रस चुलीत जाईल, म्हणून ती कधीच गळत नाही. दुधाच्या किटल्या, वैरणीचे भारे, पाटलांची तापानं फणफणलेली सून, सगळं त्या काहिलीतून गेलं. मी सवयीनं कॅन घेऊन आत बसलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काम नव्हतं. तात्यांना ते बघवेना. ‘‘उपस की रं,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, काय उपसू? एवढ्यात पावसाची सर आली.

पुढं पूल झाले, रस्ते झाले, पलीकडची मळी पाव्हण्यांनीच कसायला घेतली. लोखंडी नाव नावापुरती काठावर राहिली. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात तिचं दावं तुटलं आणि पाणी उतरल्यावर ती दोन शिवारं ओलांडून एकाच्या उसात मध्यभागी बसलेली सापडली. ऊसवाले म्हणाले, मोडलेल्या उसाची भरपाई द्या नाहीतर नाव आमची. तात्या म्हणाले, नाव तुमची. तेवढ्यात ऊसवाल्यांनी ती जवळून बघितली आणि म्हणाले, घेऊन जावा.

शेवटी भंगारवाल्याला तिथंच उसात बोलावलं. त्यानं पहारीनं एक पापुद्रा उचकटला. आत डांबर, त्याखाली डांबर, त्याखाली साबणाचा लालसर थर, मग पुन्हा डांबर, आणि मग कुठं लोखंड. ‘‘काका, डांबराचं वजन वजा करावं लागंल,’’ तो म्हणाला. अण्णांनी पिशवीतून वही काढली, चष्मा लावला आणि सुरुवातीपासून वाचायला घेतलं : कुठल्या साली किती डांबर, कुणाच्या ट्रॉलीचं भाडं किती, वेल्डरला किती, त्याच्या पोराला चहाला किती. भंगारवाला आधी उभा होता, मग उकिडवा बसला, मग बांधावर टेकला. ऊन चढलं. अर्ध्या वहीला त्यानं हात जोडले. ‘‘काका, किलोमागं दोन रुपये चढ देतो. डांबर बी लोखंडात धरतो. पण वही मिटा.’’

तात्यांनी मला कोपर मारलं आणि अण्णांकडं सरकून म्हणाले, ‘‘अण्णा, लग्नाचं पान राह्यलंय न्हवं अजून?’’